काय चालू होतं आणि काय झालं

१२ ऑक्टोबर, रविवार

आज स्पॅनिशच्या वर्गात भूतकाळ आला. एक नाही — दोन.

कामिनी मॅडमनी फळ्यावर एक लांब आडवी रेघ मारली. म्हणाल्या, ही चालू असलेली गोष्ट. मग तिच्यावर खडूनं एक उभी काट मारली. ही घडून गेलेली. "गाडी चालत होती, सिग्नल पडला. चालत होती, ही लांब रेघ. पडला, ही काट. दोन्हीत क्रियापदाची रूपं वेगळी." मॅडमचे वडील रेल्वेत गार्ड होते, घर भुसावळच्या रेल्वे कॉलनीला लागून. त्यामुळे त्यांची सगळी उदाहरणं रुळावरूनच जातात.

मी म्हणालो, "मराठीतपण असंच असतं की."

"मग तुला सोपं जाईल."

नाही गेलं. एस्ताबा आणि पुढे आंदो-इयेंदो काहीतरी, म्हणजे चालू होतं. आणि झालं म्हणायला नुसतं कायो, सोनो, मुरियो. पडला, वाजला, मेला. सगळे ओ-कारान्त, हातोडा मारल्यासारखे.

आम्ही तिघंच शिकायला. मी, नर्सिंग झालेली एक मुलगी, आणि बँकेतून रिटायर झालेले एक काका. काकांना कुठेच जायचं नाहीये, ते फक्त येतात. मला जायचंय. रावेरकडच्या एका केळीच्या कंपनीत इक्वेडोरहून दोन जण येणारेत — घड कसा उतरवायचा, कसा धुवायचा ते शिकवायला. त्यांच्या मागे फिरायला स्पॅनिश बोलणारा पोरगा पाहिजे. बारावी नापास चालेल म्हणाले. २३ नोव्हेंबरला तोंडी परीक्षा — स्वतःच्या आयुष्यातला एक प्रसंग पाच मिनिटं सांगायचा. जमलं तर पुढे तिकडे पाठवतातही म्हणे. समुद्रापलीकडे. तेवढं लांब गेलं की बरं.

सिल्वासाला धाग्याच्या कंपनीत होतो तेव्हा रूमवरचा एक जण मोबाईलवर स्पॅनिश शिकायचा. तो महिन्यात कंटाळला, मला नाद लागला. चार कामं सोडली मी, हे एकच सुटलं नाही. का, ते माहीत नाही.

गृहपाठ : स्वतःचा एक प्रसंग. दहा वाक्यं. पाच रेघा, पाच काटा.

१५ ऑक्टोबर

एकही वाक्य नाही.

आज पार्सल वाटायला निघालो तर एका वाडीत विहिरीत डुक्कर पडलेलं. लोक दोर टाकत होते, ते दोरच चावत होतं. दोन तास तिथेच उभा. चार पार्सलं परत गेली. सुपरवायझर म्हणाला, "तुला डिलिव्हरीला पाठवतो का जत्रेला?"

माझं हे असंच आहे. नजर एका जागी राहत नाही. याच्यावर हसायचे सगळे. घरचे पण. आधी.

१७ ऑक्टोबर

आईचा फोन. "जेवना का रे?" मग दिवाळीचं — घरात काही करायचं नाहीये, वर्ष व्हायचंय अजून. मग म्हणाली दादाचं वर्षश्राद्ध तिथीनं तीन डिसेंबरला धरलंय, तुले येनं पडी. आणि ते झालं की पितांबर येणार, वहिनीला भडगावला घेऊन जाणार. कायमची.

पितांबर म्हणजे वहिनीचा भाऊ.

मी म्हटलं, ती स्वतः जाते म्हणाली का?

"ती काय बोलस? ती बोलसच नई. लोके बोलतस रे."

"काय बोलतात?"

"तुले म्हाईत नई का?"

आहे. गल्लीत बायका तिला फोनवाली म्हणतात. नवऱ्याला गाडीवर असताना फोन केला आणि मारलं. मेघा नाव आहे तिचं, ते आता कोणाच्या तोंडात नाही. तिनं त्या दिवसापासून फोन हातात धरलेला नाही. आईनं सांगितलं, नानांचा, म्हणजे वडिलांचा, फोन वाजला तरी चुलीजवळून उठून मागच्या दारी जाते.

आणि तिला फोनवाली मी केलं. मी, चंदन.

१९ ऑक्टोबर, रविवार

गृहपाठ नव्हता केला. मॅडम रागावल्या नाहीत, म्हणाल्या तोंडी सांग. "मागच्या डिसेंबरात तू काय करत होतास? एक दिवस घे कोणताही."

त्यांनी सहज विचारलं. नर्सबाईला ऑक्टोबर विचारला होता, काकांना नोव्हेंबर. माझ्या वाटेला डिसेंबर आला.

उभा राहिलो. एस्ताबा म्हटलं. पुढे काही नाही. काका म्हणाले, "अरे, काहीतरी करतच असशील की." पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलो आणि तसाच स्टेशनला आलो. वही तिथेच राहिली.

प्लॅटफॉर्मवर केळीवाल्याशी एक जण भांडत होता, केळी भुसावळची नाहीत म्हणून. ते बघत एक गाडी चुकवली.

इथे तरी लिहून टाकतो. इथे कोणी बघत नाही.

१४ डिसेंबर. मी सिल्वासाहून धुळ्याला उतरलो. दादा घ्यायला आला होता, मोटारसायकल घेऊन. हितेंद्रदादा. दिवसभर कापूस वेचून आला होता, डोळे लाल. मी म्हटलं दे, मी चालवतो. त्यानं दिली. माझ्याकडे लायसन नाही. अमळनेरच्या रस्त्याला लागलो तेव्हा दिवस मावळत होता. दादा मागे डुलक्या घेत होता — त्याची हनुवटी माझ्या खांद्यावर टेकायची, मग तो दचकून वर व्हायचा. ठेलारी निघाले होते मेंढ्या घेऊन, रस्त्याच्या कडेनं. त्यांच्या एका घोडीवर बिऱ्हाड लादलेलं, आणि सगळ्यात वर एक कोंबडी. बांधलेली होती का नुसती बसली होती, काही कळेना. मी वळून बघत होतो. कोंबडी. बस. पुढे कापसाची ट्रॉली उभी होती, मागे लाल दिवा नाही, काही नाही.

मी शेतात जाऊन पडलो. हाडाचे दोन तुकडे, गळ्याजवळच्या. दादा ट्रॉलीवर.

लोक जमले. पहिल्याच माणसानं विचारलं, "गाडी कोन चालाडी ऱ्हायंता?"

मी म्हटलं, दादा.

एवढंच. विचार करून नाही बोललो. तोंडातून आलं. पंचनाम्यात तेच लिहिलं गेलं.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. खोलीवरचे सगळे गावी. सुकदेव जाताना चिवडा ठेवून गेला. म्हणाला, "तुझ्या त्या स्पॅनिश देवाला दाखव नैवेद्य." फटाक्यांचा आवाज आला की गळ्याजवळचं हाड दुखतं. उगीच.

२४ ऑक्टोबर

फोनचं राहिलं लिहायचं. तेच मुख्य आहे, म्हणूनच राहिलं असेल.

आमच्याकडे माणूस गेला की दारावर येतात. दहा दिवस. गाड्या भरभरून येतात, ज्या गावात सोयरे तिथून. अंगणात सतरंजी, पुरुष तिथे बसतात, बायका आत. आणि आलेल्यातला मोठा माणूस विचारतो — कसं व्हयनं? मग घरातल्या एकानं सगळं सांगायचं, पहिल्यापासून. काय चालू होतं, काय झालं. ते ऐकतात, माना हलवतात, पाणी पितात, उठतात. दुसरी गाडी येते. पुन्हा पहिल्यापासून.

नानांना बोलवेना. म्हणून मला बसवलं. हात गळ्यात बांधलेला, मी जखमी, सगळं डोळ्यांनी पाहिलेला. माझ्याएवढा लायक सांगणारा कोण?

पहिल्या दोन गाड्यांना सांगितलं, दादा चालवत होता, ट्रॉलीला दिवा नव्हता. झालं. तिसऱ्या गाडीत झुलाल आबा होते, आईचे चुलते. त्यांनी दादाला लहानपणापासून पाहिलेलं. म्हणाले, "पोरगा तं भलता जपीसन चालाडे. त्यानी नजर कशी हटनी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. काहीतरी सांगायला पाहिजे होतं.

मी म्हटलं, फोन वाजला त्याचा.

"कोना?"

"वहिनीचा."

भिंतीपलीकडे बायका रडत होत्या. ते रडणं थांबलं. श्वासभर. मग पुन्हा सुरू झालं, पण एक आवाज कमी होता. मला कळलं कोणाचा.

फोन वाजला होता हे खोटं नाही. फोनवर नंतर दिसले, वहिनीचे तीन मिस कॉल. पण तो वाजला तेव्हा दादा खाली पडलेला होता. आधी पडला. मग वाजला. मी फक्त दोन गोष्टींची अदलाबदल केली.

चौथ्या गाडीला ते सांगावंच लागलं, कारण तिसरीनं वाटेत चौथीला सांगितलेलं. मग पाचवीला. दहा दिवसांत किती गाड्या आल्या असतील — चाळीस? प्रत्येक वेळी ते वाक्य जास्त चांगलं होत गेलं. शेवटी शेवटी मी दादाचा हात खिशाकडे जाताना दाखवायचो. स्वतःच्या धड हातानं.

आणि ती आत. दर वेळी ऐकत होती.

२ नोव्हेंबर, रविवार

गेलो वर्गाला. मॅडमनी वही परत दिली. नर्सबाई म्हणाली, "पाणी फार लांबचं प्यायलात."

आज लिहून नेलं होतं. दारावरचीच गोष्ट, स्पॅनिशमध्ये. एस्ताबा मानेखांदो, म्हणजे चालवणं चालू होतं; सोनो एल तेलेफोनो, फोन वाजला; आणि मग धडक. मला वाटलं परक्या भाषेत खोटं हलकं होईल. मॅडमनी लाल पेनानं दोन चुका काढल्या. मग विचारलं, यात चालवतंय कोण, ते लिहिलंच नाहीस. मी लिहिलं — माझा भाऊ. पेन कागदात रुतलं.

मग म्हणाल्या, आता फळ्यावर काढून दाखव. त्यांची पद्धतच आहे, आपापली गोष्ट रेघ आणि काटांनी काढायची, म्हणजे आधी काय, मग काय ते पक्कं होतं.

मी लांब रेघ मारली. गाडी चालत होती. पहिली काट — फोन वाजला. दुसरी — धडक.

बघत उभा राहिलो. हात आपोआप गेला, पहिली काट तळव्यानं पुसली आणि शेवटी मारली. धडकेच्याही पुढे. रेघ जिथे संपली होती त्याच्या पलीकडे, मोकळ्या फळ्यावर.

काका म्हणाले, "अरे, आधी वाजला म्हणालास ना?"

"चुकलं माझं."

"मग फोन ठेवलाच कशाला? धडक झाल्यावर वाजला तर त्याचा काय संबंध? काढून टाक तो गोष्टीतून."

बरोबर बोलले काका. त्यांना काही माहीत नाही आणि बरोबर बोलले. फोन काढला की वहिनी गोष्टीत उरतच नाही. कुठेच नाही. घरी चुलीपाशी बसली होती ती. भाकरी टाकू का एवढं विचारायला फोन केला होता.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. "चंदन, ही खरी गोष्ट आहे?"

"नाही मॅडम. बनवली."

"छान बनवलीस."

परत येताना पॅसेंजरच्या दारात बसलो. रूळ खालून सरकत होते. तिथे बसायला नको होतं. बसलो.

३ नोव्हेंबर

काही नाही. कामावर नाही गेलो.

६ नोव्हेंबर

सुकदेव विचारत होता, झोपेत काय बडबडतोस? म्हटलं स्पॅनिश. "मग तिकडच्या भुतानं धरलं तुला. इकडची कमी होती का?" चांगला आहे तो. त्याला सांगावंसं वाटलं. तोंड उघडलं तेवढ्यात त्यानं मोबाईलमध्ये बैल बुजल्याचा व्हिडिओ दाखवला. मी बघत बसलो! तीनदा बघितला.

९ नोव्हेंबर, रविवार

आईला फोन लावला. ठरवलं होतं की आईला सांगायचं, आई पुढचं बघेल. आई म्हणाली, "आते काय करानं रे, तिचे दागिने परत द्यावे लागतील का ते नाना विचारतात." मी म्हटलं, द्या. ती म्हणाली, "पितांबर म्हणतो आमच्या पोरीला कोणी काही बोललेलं चालणार नाही, आम्ही घेऊन जातो. पण तिकडे तरी कोण सोडणार आहे तिला? तिथलेही दारावर आलेच होते ना आपल्याकडे. त्यांनीपण ऐकलंय."

हो. भडगावच्या दोन गाड्या होत्या. वहिनीचे काका होते, मामा होते. त्यांना मीच सांगितलं. तिच्या माहेरच्यांना. त्यातल्या एकानं तर माझ्या पाठीवरून हात फिरवला होता.

म्हणजे ती इथून जाते ती फोनवाली म्हणून, आणि तिथे पोचेल तीपण फोनवाली म्हणूनच. रस्त्यातसुद्धा.

सांगितलं नाही. फोन ठेवला.

१४ नोव्हेंबर

तारखेनं अकरा महिने.

आज स्पॅनिशमध्ये खरं लिहिलं. नऊ वाक्यं. मी चालवत होतो. माझा भाऊ झोपत होता. मी कोंबडी बघत होतो. ट्रॉली उभी होती. मी धडकलो — चोके. तो पडला. फोन वाजला. तो बघत होता. मी उचलला नाही.

लिहून वाचलं मोठ्यानं. खोलीत सुकदेव होता, कांदा चिरत होता. "वा, गाणं आहे का?" म्हणाला. खरं बोललो मी, माणसासमोर, आणि काही झालं नाही. म्हणून तर सुटत नव्हती मला ही भाषा. इथे कोणाला कळत नाही.

फाडून टाकलं. तुकडे कांद्याच्या सालीत.

आठवं वाक्य आधी कुठे लिहिलं नव्हतं. इथेपण नाही. दादा जिवंत होता. फोन वाजला तेव्हा डोळे उघडे होते त्याचे. खिशाकडे बघत होता, मग माझ्याकडे. मी शेतातून सरकत त्याच्याजवळ पोचलेलो. माझा एक हात चालत होता.

२३ नोव्हेंबर, रविवार

परीक्षा. कंपनीच्या ऑफिसात, एसी लावलेला, थंडीत. समोर एक साहेब आणि लॅपटॉपमध्ये एक बाई, तिकडची. तिच्याकडे सकाळ होती, मागे कुत्रं भुंकत होतं.

साहेब म्हणाले, सांग तुझ्या आयुष्यातला प्रसंग.

मी विहिरीतल्या डुकराचा सांगितला. लोक ओढत होते, डुक्कर चावत होतं, दोर तुटला, एक माणूस आत पडला (हा मी घातला). बाई हसून हसून बेजार. म्हणाली, तुझे दोन्ही भूतकाळ फार छान आहेत.

निवड झाली. ८ डिसेंबरला हजर व्हायचं.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तू ती दुसरी गोष्ट सांगशील." आणि फोन ठेवताना, "चंदन, ती गोष्ट कोणाला तरी सांग. स्पॅनिशमध्ये नको."

२४ नोव्हेंबर

सुकदेवनं पेढे आणले माझ्या नावानं, माझ्याच पैशानं. सगळ्यांना वाटले. मी दोन खाल्ले.

३० नोव्हेंबर, रविवार

वर्गाला नाही गेलो. मंगळवारी गावी जायचं. आणि एक दिवस राहिला मध्ये, एवढंच.

न जाण्याची कारणं मनात येत होती. आजारी पडलो, साहेबांनी लवकर बोलावलं. सगळी चांगली कारणं. मला कारणं फार चांगली सुचतात.

२ डिसेंबर, मंगळवार

अमळनेरला उतरून गावाची एसटी धरली. अंगणात मांडव घातलेला. वहिनीनं पाणी आणून दिलं. "कसे आहात, चंदनभाऊ?" ती आमच्यासारखी बोलत नाही, भडगावची, बारावी झालेली, शुद्ध बोलते. खूप वाळली आहे. तांब्या देऊन तिथेच उभी राहिली, मी पाणी पिईपर्यंत. मला वाटलं आता विचारेल. ती तांब्या घ्यायला थांबली होती.

पितांबर आलेला आहे. जीप घेऊन. उद्या जेवणं झाली की निघायचं म्हणतो.

पाहुण्यांत एक भोवरे विकणारा आला होता, लाकडी. त्याच्याशी अर्धा तास बोलत बसलो. मग स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

३ डिसेंबर, बुधवार

सांगितलं.

पंगत उठली, लोक गेले. पितांबर जीपची हवा बघत होता. वहिनी आतल्या खोलीत कपडे बांधत होती, पलंगावर दोन पिशव्या. मी दारात उभा राहिलो आणि सुरू केलं. उंबऱ्याच्या आत गेलो नाही. पहिल्यापासून, दारावर सांगतात तसं. गाडी मी चालवत होतो, दादा मागे डुलक्या घेत होता. ठेलारी, घोडी, कोंबडी. ट्रॉली. मग तुमचा फोन. धडकेच्या नंतर.

ती साडीची घडी घालत होती. थांबली नाही. घडी पूर्ण केली, ठेवली. मग म्हणाली,

"फोन वाजला तेव्हा ते होते?"

"होते."

"शुद्धीवर?"

"हो."

"मग तुम्ही उचलला का नाही?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. चाळीस गाड्यांत एकानंही नाही. मी खरं सांगितलं — उचलला असता तर तुम्ही पहिलं हेच विचारलं असतं, चालवत कोण होतं.

बाहेर पितांबर हाक मारत होता, ताई, उशीर होतो.

"तीनदा केला मी," ती म्हणाली. "मला वाटत आलं की पहिल्यानं ते पडले आणि पुढचे दोन मी मेलेल्या माणसाला केले."

मी खाली बसलो. पाया पडायला गेलो तर तिनं पाय मागे घेतले.

"मला एकटीला सांगून काय करू मी, चंदनभाऊ? मी एकटीनं ऐकलं नव्हतं तेव्हा."

आणि माझ्या बाजूनं निघून बाहेर गेली. नानांकडे.

४ डिसेंबर

आईनं सकाळपासून माझ्याकडे पाहिलं नाही. ताट वाढलं नाही. भूक नव्हतीच. ती एकदा नुसती दारात येऊन म्हणाली, "माले तं सांगतास." मला तरी सांगायचं होतंस. मग गेली.

वहिनीनं सगळं सांगितलं तसे नाना रात्रीपासून शेतात. परत आले तेव्हा वहिनी त्यांच्यासमोर उभी राहिली. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर अशी उभी राहत नाही. म्हणाली, "तेव्हा दारावर जे जे आले होते, त्यांना परत बोलवा. चंदनभाऊंना बसवा आणि सांगू द्या."

नाना म्हणाले, "वर्ष झालेल्या माणसाच्या दारावर कोणी येत नाही, पोरी."

"मग मी जाते त्यांच्या दारावर. गावागावात. ह्यांना घेऊन."

पितांबर मध्ये पडला, ताई, झालं ते झालं, चल आपण जाऊ. ती त्याला म्हणाली, "मी येणारच आहे. पण अशी नाही."

पोलिसांचं काय, लायसनचं काय, नाना विचारत होते. माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, जे होईल ते होऊ दे. आवाज माझा वाटला नाही.

नाना ओट्यावर जाऊन बसले. मग पितांबरला म्हणाले, "बठ्ठासले निरोप दे." सगळ्यांना.

५ डिसेंबर

कोणी आलं नाही. सतरंजीवर मी एकटा, दिवसभर. गल्लीतून जाणारे बघून पुढे जात होते. वाटलं, कोणीच येणार नाही. वाटलं, बरं होईल. आणि मग स्वतःचीच किळस आली.

८ डिसेंबर, सोमवार

आज रावेरला हजर व्हायचं होतं.

काल एक गाडी आली, आज सकाळपासून तीन. झुलाल आबा कालच येऊन गेले. ऐकून उठताना माझ्याकडे नाही, सवयीनं आतल्या दाराकडे बघून त्यांनी हात जोडले. पण वहिनी आत नव्हतीच. ती पुरुषांच्या सतरंजीवर बसते, माझ्यासमोर, पदर न घेता. मी कुठे घाई केली की म्हणते, "थांबा. कोंबडीचं राहिलं."

भडगावची गाडी लागली आहे. उतरतायत.

नानांनी सतरंजी झटकली.